गोक्यो री, ५,३५७ मीटर: एका पॅनोरामाचे तीन प्रयत्न

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका गिर्यारोहण संस्थेला आपल्या सभागृहाच्या भिंतीसाठी १२ फूट रुंद आणि ३ फूट उंच छायाचित्र हवं होतं. अट एकच होती, पण कडक होती: एव्हरेस्ट (८,८४८.८६ मीटर), ल्होत्से (८,५१६), मकालू (८,४८५) आणि चो ओयू (८,१८८) ही आठ हजारांवरची चारही शिखरं एकाच चित्रात दिसली पाहिजेत, आणि एव्हरेस्टवर सोनेरी प्रकाश हवा. नमुना म्हणून संस्थेने इंटरनेटवरचं एक चित्र दाखवलं होतं. त्याखाली ‘गोक्यो रीवरचा सूर्योदय’ अशी ओळ होती. पुढचा बराचसा घोळ या एका ओळीतून झाला.

जागेची निवड मात्र बरोबर होती. बहुतेक ट्रेकर एव्हरेस्ट बेस कॅम्पजवळच्या ज्या काला पत्थरवर जातात तिथून एव्हरेस्ट जवळ दिसतं, पण ल्होत्से हे नुप्त्से शिखराच्या भिंतीआड जातं आणि चो ओयूचा तर प्रश्नच येत नाही. नेपाळच्या खुंबू भागात, गोक्यो गावाच्या डोक्यावर असलेली गोक्यो री ही टेकडी (टेकडी म्हणायचं ते शेजारच्या शिखरांच्या मानाने) चारही शिखरं दाखवते. खाली न्गोझुम्पा हिमनदी पसरलेली असते. ती नेपाळमधली सर्वांत लांब हिमनदी.

पथकात एक मुख्य छायाचित्रकार, एक सहायक, संस्थेच्या एक प्रतिनिधी, स्थानिक शेर्पा गाईड आणि एक पोर्टर असे पाच जण होते. काळ नोव्हेंबरचा पहिला आठवडा. पावसाळ्यानंतरची हवा या दिवसांत सर्वांत स्वच्छ असते, पण रात्री कडक गारठू लागलेल्या असतात. लुक्ला, फाकडिंग, नामचे (३,४४० मीटर, दोन रात्री), फोर्त्से तेंगा, डोले, माछेर्मो आणि गोक्यो (सुमारे ४,७९० मीटर) असा मार्ग ठरला. नामचेहून थेट डोलेला जाणारे पुष्कळ असतात, पण त्यात मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे ६०० मीटरने वाढते. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम पाळायला फोर्त्से तेंगाचा मुक्काम मध्ये घातला होता. गोक्योत तीन रात्री आणि एक राखीव दिवस हातात होता.

साहित्य आणि मापाचं गणित

भिंतीचं माप आधी ठरलेलं असल्याने लेन्सची निवड गणिताने झाली. १२ फूट म्हणजे १४४ इंच. इतक्या मोठ्या चित्राकडे लोक चार-पाच फुटांवरून बघतात, तेव्हा इंचाला १४० पिक्सेल पुरतात. म्हणजे रुंदीत सुमारे २०,००० पिक्सेल हवेत. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची वाइड लेन्स लावून एकच फ्रेम घेतली तर रुंदीत ६,००० पिक्सेल मिळतात, म्हणजे इंचाला जेमतेम ४२. शिवाय वाइड लेन्समध्ये एव्हरेस्ट नखाएवढं होतं. एवढी पायपीट करून भिंतीवर नखाएवढं एव्हरेस्ट लावायचं, हे कोणालाच पटणारं नव्हतं.

म्हणून अनेक फ्रेम शेजारी-शेजारी घेऊन त्या जोडून एक लांब चित्र, म्हणजे पॅनोरामा, करायचं ठरलं: ५० मिलिमीटरची लेन्स आणि कॅमेरा उभा. उभ्या कॅमेऱ्यात या लेन्सची आडवी दृष्टी २७ अंश असते. गोक्यो रीवरून चो ओयू जवळजवळ उत्तरेला, ३५१ अंशांवर (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेले अंश) आणि १५ किलोमीटरवर आहे. एव्हरेस्ट ८३ अंशांवर, २४ किलोमीटरवर. ल्होत्से त्याच्या जरा उजवीकडे, अगदी पूर्वेला. मकालू १०१ अंशांवर, सुमारे ४० किलोमीटर लांब. दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा धरून एकूण १३५ अंश झाले. दर १५ अंशांवर एक फ्रेम घेतली की शेजारच्या फ्रेम १२ अंशांनी एकमेकींवर चढतात आणि ९ फ्रेममध्ये काम होतं. एका अंशाला साधारण १४८ पिक्सेल, म्हणजे एकूण २०,०००. उंचीतले ६,००० पिक्सेल कापून ५,००० ठेवले की चार-एकचं प्रमाणही जमतं.

८५ मिलिमीटरचाही विचार झाला होता. त्यात पिक्सेल भरपूर मिळाले असते, पण फ्रेम १३ किंवा जास्त लागल्या असत्या आणि एका ओळीत खालची हिमनदी पुरेशी मावली नसती. संध्याकाळी प्रकाश दर दोन-तीन मिनिटांनी बदलतो. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये दीड मिनिटाचं अंतर पडलं तर आकाशाचा रंगच जुळत नाही.

बाकीचं साहित्य: कार्बन फायबरचा ट्रायपॉड, अंशांच्या खुणा असलेलं फिरतं हेड, कॅमेरा मागे-पुढे सरकवायची पट्टी, चार बॅटऱ्या. पट्टीचं कारण असं: कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरला की जवळचे खडक लांबच्या शिखरांच्या मानाने सरकतात आणि जोड फसतात. तो लेन्सच्या प्रवेशछिद्राभोवती (प्रकाश जिथून आत शिरताना दिसतो त्या बिंदूभोवती) फिरायला हवा. तो बिंदू घरीच, एकामागे एक दोन काठ्या उभ्या करून, शोधून पट्टीवर रंगाने खूण केली होती. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) मुद्दाम घरी ठेवला. पॅनोरामात तो आकाशात मध्येच गडद पट्टा आणतो, आणि पाच हजार मीटरवर आकाश आधीच इतकं गर्द असतं की पोलरायझरने ते काळं पडतं.

पहिला प्रयत्न: पहाट

गोक्योत पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पहाटे पावणेचारला, तिघे निघाले: मुख्य छायाचित्रकार, सहायक आणि गाईड. सुमारे ५७० मीटरची सरळ चढाई. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. गाईड दर दहा मिनिटांनी “बिस्तारै, बिस्तारै” (हळू, हळू) म्हणत होता. सव्वासहाला माथा गाठला तेव्हा तापमान उणे १३ होतं आणि वारा ईशान्येकडून होता.

मग जे दिसलं ते असं. चो ओयूवर सुरेख गुलाबी उजेड पडला. एव्हरेस्ट मात्र काळंच. त्यामागचं आकाश पांढुरकं होत गेलं आणि साडेसहाच्या सुमारास सूर्य मकालूच्या उजव्या अंगाने थेट लेन्समध्ये आला. शेवटच्या दोन फ्रेममध्ये प्रकाशाचे गोळे आणि धुरकट पडदा. एव्हरेस्टची फक्त बाह्यरेषा मिळाली.

यात नशिबाचा काही भाग नव्हता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात या अक्षांशावर सूर्य १०८ अंशांवर उगवतो, एव्हरेस्ट ८३ वर आणि मकालू १०१ वर. पूर्वेकडच्या शिखरांचे पहाटे फोटो काढायचे म्हणजे खिडकीत बसलेल्या माणसाचा खोलीतून फोटो काढण्यासारखं. संध्याकाळी सूर्य २५२ अंशांवर मावळतो, म्हणजे छायाचित्रकाराच्या पाठीशी, आणि एव्हरेस्टचं तोंड उजळतं. नमुन्याचं चित्र सूर्यास्ताचंच होतं, खालची ओळ चुकीची होती. सावल्या कोणत्या बाजूला पडल्यात एवढं पाहिलं असतं तरी ते घरबसल्या कळलं असतं.

मग अनुभवी मुख्य छायाचित्रकाराच्या हे लक्षात का आलं नाही? कारण त्याचा हिमालयातला अनुभव दार्जिलिंग बाजूचा होता. टायगर हिलवरून कांचनजंगा जवळजवळ उत्तरेला दिसतं, आणि सूर्योदयाचा प्रकाश त्याच्यावर उजवीकडून सुंदर पडतो. तिथे पहाटे उठणंच बरोबर. ‘हिमालय म्हणजे पहाट’ ही सवय त्याने तिथून इथे आणली. होकायंत्र खिशात होतं. या भागात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक नगण्य आहे, त्यामुळे दुरुस्तीचीही गरज नव्हती. आदल्या दुपारी गावातून एकदा दिशा पाहिली असती तर पुरलं असतं.

त्याच सकाळी आणखी दोन गोष्टी बिघडल्या. कॅमेऱ्यातली बॅटरी ६२ टक्के दाखवत असताना वीस मिनिटांत कॅमेरा बंद पडला. थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आतला रोध वाढतो, आणि कॅमेऱ्याने जास्त करंट मागितला की व्होल्टेज एकदम खाली येतं. चार्ज असतो, मिळत नाही. सुट्या तीन बॅटऱ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात होत्या, म्हणजे त्याही तितक्याच गार. सकाळी नऊला लॉजमध्ये त्याच ‘संपलेल्या’ बॅटरीने ४८ टक्के दाखवले.

दुसरा बिघाड जास्त महागात गेला. खाली येताच सहायकाने कॅमेरा जेवणघरातल्या टेबलावर, चुलीपासून चार फुटांवर ठेवला. चुलीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या पेटलेल्या, वर पाण्याची किटली, आत वीस माणसांचे श्वास. बर्फासारख्या गार धातूवर आणि काचेवर त्या दमट हवेतलं पाणी लगेच धरलं. बाहेरची काच पुसता येते, पण लेन्सच्या आतल्या भिंगांवर धरलेली वाफ पुसता येत नाही. ती पुरती निघायला दुपारचे तीन वाजले. नशीब, सेन्सरवर डाग राहिले नाहीत.

नेमकी समस्या

दुपारी चित्र असं होतं: संध्याकाळी चढणं भाग आहे हे स्पष्ट झालं होतं. पण संध्याकाळचं वेळापत्रक वेगळ्याच जोखमीचं होतं. सूर्यास्त ५:११ ला, शिखरावर उजेड ५:२० पर्यंत, म्हणजे माथा सोडायला साडेपाच आणि उतरणं सगळं अंधारात. खुंबूत दुपारनंतर दरीतून वारा वर येतो आणि ढग घेऊन येतो, त्यामुळे पहाटेइतकी हवेची खात्री नाही. आणि सहायकाचं डोकं दुखत होतं. जेवण नको होतं, मळमळ होती.

विचारात घेतलेले पर्याय

सहायकाचा निर्णय सर्वांत सोपा होता आणि तो सर्वांत आधी घेतला गेला: लक्षणं असताना वर जायचं नाही. त्याला पाणी, विश्रांती, आणि रात्रीपर्यंत उतार पडला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी माछेर्मोला उतरवायचं, असं ठरलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने तो ॲसिटाझोलामाइड ही उंचीच्या त्रासावरची गोळी आधीपासून घेत होता. या गोळीने बोटांना मुंग्या येतात. दुखण्याच्या मानाने ही बारीक गोष्ट, पण हातमोज्यातून कॅमेऱ्याची बारीक बटणं दाबताना ती जाणवते.

जागा बदलावी का? रेंजो ला (सुमारे ५,३६० मीटर) या खिंडीतून एव्हरेस्टवरचा संध्याकाळचा उजेड नावाजलेला आहे. पण तिथून दोन्ही बाजूंचा उतार अंधारात धोक्याचा, आणि गोक्योपासूनचं अंतर गोक्यो रीपेक्षा बरंच जास्त. वरच्या पाचव्या तळ्याकडे एव्हरेस्ट आणि चो ओयू दोन्ही भव्य दिसतात, पण रात्री तीन तास खडकाळ वाटेने परत यायचं. दोन्ही पर्याय सोडले.

ड्रोनची सूचना संस्थेच्या प्रतिनिधींनी केली. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात ड्रोनला नागरी उड्डाण खात्याची आणि उद्यानाची अशी वेगवेगळी परवानगी लागते, आणि ती वाटेत बसून मिळत नाही. विषय तिथेच संपला.

चौथा पर्याय मोहाचा होता: पहाटेचं चो ओयू आणि संध्याकाळचं एव्हरेस्ट जोडून एक चित्र करायचं. तांत्रिकदृष्ट्या शक्य, पण डावीकडचा प्रकाश पूर्वेचा आणि उजवीकडचा पश्चिमेचा. ज्यांनी ते डोंगर पाहिलेत अशाच लोकांच्या सभागृहात हे चित्र लागणार होतं. ते दोन मिनिटांत पकडलं गेलं असतं, आणि पकडायलाच हवं होतं.

उरला पर्याय गोक्यो रीचाच, संध्याकाळी, मुख्य छायाचित्रकार आणि गाईड दोघांनीच.

दुसरा प्रयत्न: ढग

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाएकला दोघे निघाले. सहायकाचं डोकं दुखणं रात्रीतून थांबलं होतं, पण त्याला गावातच ठेवलं. चार वाजता माथ्यावर सगळं लावून झालं. चार चाळीसला दक्षिणेकडून ढगाचं तोंड न्गोझुम्पाच्या मोरेनवरून (हिमनदीने साठवलेल्या दगडमातीच्या बांधावरून) वर सरकत आलं आणि दहा मिनिटांत एव्हरेस्ट गेलं, मग मकालू, मग माथ्यावरच्या समोरच्या प्रार्थनेच्या पताकाही दिसेनाशा झाल्या.

इथे थांबायचं की उतरायचं, हा खरा निर्णय होता. सूर्य कलला की दरीतला वारा मंदावतो आणि ढग पुष्कळदा खाली बसतो, हे गाईडला ठाऊक होतं. म्हणून साडेपाचची वेळ आधीच बांधून घेतली होती: तोपर्यंत थांबायचं, त्यापुढे एक मिनिटही नाही. माथ्यावर थंडीत बसून ‘अजून पाच मिनिटं’ म्हणणाऱ्या माणसाचा विवेक भरवशाचा नसतो. साडेपाचला ढग होताच. दोघे उतरले.

खालचा धोका वाटेच्या शेवटी निघाला. गोक्यो रीची वाट दूध पोखरी तळ्याच्या उत्तर टोकाला एक ओढा दगडांवरून ओलांडते. दुपारी कोरडे असलेले दगड संध्याकाळपर्यंत शिंतोड्यांनी ओले होऊन गोठले होते. हेडटॉर्चच्या उजेडात ते नुसते ओले वाटतात. छायाचित्रकाराचा पाय तिसऱ्या दगडावर घसरला आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. कॅमेरा सॅकमध्ये होता म्हणून वाचला. उणे तापमानात ओला बूट घेऊन गाव गाठायला वीस मिनिटं लागली. अंतर जास्त असतं तर बोटांवर बेतलं असतं.

कॅमेरा यावेळी ओढ्याच्या अलीकडेच हवाबंद पिशवीत बंद केला होता. बाहेरची गार, कोरडी हवा पिशवीतच राहते, आणि दव धरायचं ते पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरतं. पिशवी चुलीच्या खोलीत न नेता झोपायच्या, न तापवलेल्या खोलीत रात्रभर ठेवली. फक्त मेमरी कार्ड आणि बॅटऱ्या आत आणल्या, आणि बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये गेल्या.

तिसरा प्रयत्न

राखीव दिवस वापरायचा की नाही यावर रात्री चर्चा झाली. बाजूने दोन गोष्टी होत्या: सहायक आता पूर्ण बरा होता, आणि आणखी एक रात्र काढल्याने शरीर उंचीला सरावलं होतं. विरोधात: लुक्लाच्या विमानासाठी ठेवलेली सूट संपणार होती. तिथलं विमान ढगाने अडलं तर दिवस जातात, हे गृहीत धरायचंच असतं. शेवटी अट घालून ठरलं. दुपारी एकला दरीचा ढग माछेर्मोच्या वर आलेला असेल तर निघायचं नाही. त्या दिवशी एकला तो बराच खाली होता.

या वेळी तिघे गेले. साडेतीनला माथ्यावर. कॅमेरा लावायची जागा आदल्या दिवशीपेक्षा बारा मीटर पुढे घेतली, कारण पताकांचा मोठा गुंता फ्रेम चार ते सहामध्ये येत होता आणि वाऱ्यात हलणारी वस्तू प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असते. पताका पूर्ण टाळता आल्या नाहीत, दोन दोऱ्या उजव्या टोकाला राहिल्या.

सगळ्यांत जवळचा खडक १५ मीटरवर ठेवला. ५० मिलिमीटर आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप) ला, अनंतावर फोकस केल्यास पुस्तकी हिशोबाने साधारण १० मीटरपासून पुढे सगळं नीट दिसतं, पण तो हिशोब लहान प्रिंटचा. १२ फुटांच्या चित्रात तो ढिला पडतो. फोकस कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं दृश्य (लाइव्ह व्ह्यू) दहापट मोठं करून एव्हरेस्टच्या पश्चिम धारेवर हाताने केला आणि रिंगवर चिकटपट्टी लावली. ही पट्टी लॉजमध्येच रिंगच्या स्थिर भागावर अर्धी चिकटवून आणली होती. उणे तापमानात नवी पट्टी चिकटतच नाही, सोलपटासारखी उठून येते. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबले नाहीत, थंडीत ती सरकते.

वाऱ्यासाठी ट्रायपॉडचा मधला दांडा खालीच ठेवला आणि सॅक आकड्याला अशी लटकवली की तिचा तळ जमिनीला टेकेल. हवेत लटकलेली सॅक लंबकासारखी झुलते आणि ट्रायपॉडला उलट हलवते. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर.

एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर किती प्रकाश घ्यायचा, हा दिवसाचा नाजूक भाग होता. दुपारच्या बर्फाबद्दल सगळ्यांना माहीत असतं की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) बर्फाला राखाडी करतो, म्हणून एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवायचं. संध्याकाळी उलटं होतं. दरी आणि हिमनदी सावलीत, फक्त शिखरं उजेडात. मीटर सावलीला मोजतो आणि शिखरं जाळून टाकतो. शिवाय केशरी प्रकाशात आधी फक्त लाल रंगाची माहिती भरून वाहते. साधा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख, उजवी भिंत म्हणजे सर्वांत उजळ टोक) उजव्या भिंतीपासून दूर दिसत असतो, आणि लाल रंग मात्र कापला गेलेला असतो. मग एव्हरेस्ट सोनेरी न येता सपाट पिवळं येतं, त्यावरचे खडकाचे पट्टे पुसले जातात. म्हणून तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून, लाल रंगाची शेपटी भिंतीला टेकायच्या आत ठेवली. ५:१२ ला ते एफ/८, आयएसओ १००, १/६० सेकंद निघालं. एक्स्पोजर, फोकस आणि ५,२०० केल्व्हिनचा व्हाइट बॅलन्स (रंगांची झाक ठरवणारी मांडणी) सगळं हाताने, नऊही फ्रेमना तेच.

पद्धत ठरलेली: सहायक मोठ्याने अंश वाचणार, छायाचित्रकार हेड फिरवून शटर दाबणार. एक फेरी सुमारे ३५ सेकंदांची. ४:५१ पासून दर तीन मिनिटांनी एक फेरी, आणि प्रत्येक फेरीआधी मकालूच्या फ्रेमवर लाल रंग तपासायचा. बॅटरी दर दोन फेऱ्यांनी बदलली. काढलेली काखेजवळच्या आतल्या खिशात, तिथली गरम बॅटरी कॅमेऱ्यात. चारही बॅटऱ्या पुरून उरल्या.

ढग पाच वाजता वर आला आणि सुमारे ४,९०० मीटरवर थांबला. हिमनदीचा खालचा भाग त्याने झाकला, ते चित्राच्या पथ्यावरच पडलं. ५:०९ ते ५:१५ या काळातल्या तीन फेऱ्या कामाच्या निघाल्या. ५:१२ च्या फेरीत एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालू पूर्ण केशरी, आणि चो ओयूवर डावीकडून तिरका उजेड, त्यामुळे त्याच्या हिमाच्या घड्या उठून दिसल्या. ५:२० ला एव्हरेस्टचं टोक विझलं.

खाली गावाशेजारचं तळं चित्रात नाही. ते उजव्या टोकाला आणि खूप खाली आहे, त्यासाठी कॅमेरा वाकवून दुसरी ओळ घ्यावी लागली असती. त्या वेळी ते पूर्ण सावलीत असल्याने नुसता करडा डाग आला असता. संस्थेच्या प्रतिनिधींनी त्याबद्दल नाराजी सांगितली, ती आजही आहे.

निष्पत्ती

जोडणी सिलिंड्रिकल प्रोजेक्शनमध्ये (फ्रेम नळकांड्याच्या आतल्या अंगावर मांडून ती सपाट उलगडल्यासारखी) केली. प्रवेशछिद्राची खूण बरोबर असल्याने खडकांचे जोड पहिल्याच वेळी बसले. सावलीतली निळी झाक पूर्ण काढली नाही. या उंचीवर सावलीतल्या बर्फाला उजेड फक्त आकाशाचा मिळतो, तो निळाच असतो. ती काढली तर बर्फ सिमेंटसारखा दिसतो. ५:२४ ला मुद्दाम दोन स्टॉप जास्त एक्स्पोजरची एक फेरी घेतली होती, सावलीतली हिमनदी उजळायला. ती जोडून पाहिली आणि टाकून दिली. हिमनदी शिखरांपेक्षा ताजी दिसू लागली होती.

छपाई ४४ इंची रोलच्या प्रिंटरवर, एका तुकड्यात, मॅट कागदावर झाली. आधी तीन फुटांचा एक तुकडा छापून सभागृहातल्याच दिव्यांखाली धरून पाहिला. पडद्यावर दिसणारा सावल्यांचा तपशील मॅट कागदावर बुजला होता, तो साधारण अर्ध्या स्टॉपने उचलला. पहाटेचं चो ओयू वाया गेलं नाही: त्याची स्वतंत्र चौकट जिन्याजवळ लागली.

एक दोष राहिला. आठव्या आणि नवव्या फ्रेमच्या जोडावर एका पताकेला दोन टोकं आहेत. ती बाजू एकाच फ्रेममधून घ्यायला हवी होती, ते मास्किंग करताना (जोडावर कोणत्या फ्रेमचा भाग ठेवायचा हे ठरवताना) सुटलं आणि छापल्यावर दिसलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी सुधारणा घरी, फुकट झाली असती. नकाशावर उभं राहायची जागा, प्रत्येक शिखराचा अंश, आणि त्या तारखेचा सूर्योदय-सूर्यास्ताचा अंश, एवढे आकडे एका कागदावर लिहिले असते तर पहिल्या पहाटेची चढाई झालीच नसती. आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेचारला ५७० मीटर चढण्याची वेळ सहायकावर आली नसती. त्याचं डोकं त्याने दुखलं की नुसत्या उंचीने, हे सांगणं अवघड आहे, पण तो दिवस गावाभोवती फिरून काढला असता तर शंका तरी राहिली नसती.

एका कॅमेऱ्यावर सगळं काम ठेवणं ही जोखीम होती. वाफ सेन्सरवर पोचली असती, किंवा ओढ्यात पाय घसरला तेव्हा सॅक भिजली असती, तर पुढचे प्रयत्न तिथेच संपले असते. दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, सातशे-आठशे ग्रॅमची असते. ती पोर्टरच्या ओझ्यात नाही, दुसऱ्या माणसाच्या पाठीवर असायला हवी.

साडेपाचची बांधलेली वेळ आणि ढगाची अट, हे दोन निर्णय जसेच्या तसे पुन्हा घ्यावेत. पण उतरायची वाट दिवसाउजेडी पाहिली होती, तरी संध्याकाळी तिथे काय होतं याचा विचारच कोणी केला नव्हता. गाईडला विचारलं असतं तर त्याने ओढ्याचं सांगितलं असतं. त्याला गृहीत होतं की मायक्रोस्पाइक (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे काटे) सगळ्यांच्या सॅकमध्ये आहेत. ते होते, पण लॉजवर, मोठ्या डफलबॅगच्या तळाशी.